पोस्टरच्या आधी तेलाचे डबे मोजा

वाचकाचं पत्र

ताई, चाकण एमआयडीसीतल्या एका ऑटो कंपोनंटच्या कारखान्यात मी एचआरमध्ये आहे, वेल्फेअरचं कामही माझ्याकडेच आहे. तिन्ही शिफ्ट मिळून चारशेच्या आसपास माणसं, त्यातली निम्म्याहून जास्त कंत्राटी. पॅकिंग आणि असेंब्लीत बायका आहेत. यंदाच्या मेडिकल चेकअपमध्ये बऱ्याच जणींचं हिमोग्लोबिन कमी निघालं, चाळिशीपुढच्या पुरुषांत शुगर आणि बीपी. प्लांट हेड म्हणतात, सप्टेंबरच्या पोषण सप्ताहापर्यंत आहार-आरोग्याचं साहित्य तयार करा: पोस्टर, पुस्तिका, एक पीपीटी. बजेट दीड लाख. एजन्सीची डिझाइन्स आली आहेत, दिसायला छान आहेत. पण गेल्या वर्षीची पोस्टर अजून भिंतीवर आहेत आणि त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. चेकअपचे आकडे डिपार्टमेंटप्रमाणे बोर्डावर लावा, असंही सर सुचवतात. मी काही आहारतज्ज्ञ नाही. काय छापू, आणि कोणत्या अधिकाराने?

— एक वाचक, चाकण

उत्तर

तुम्ही पत्रासोबत पाठवलेली डिझाइन्स पाहिली. एका पोस्टरवर अॅव्होकाडो आहे, दुसऱ्यावर ओट्सचा वाडगा, तिसऱ्यावर संत्र्याच्या रसाचा उंच ग्लास आणि शेजारी काटा-चमचा. हे ताट चाकणमध्ये कुणाचं आहे? पाच-सहा जण मिळून एका खोलीत राहणारा, रात्री पाळीपाळीने भात लावणारा आणि महिन्याच्या सात तारखेला घरी पैसे पाठवणारा मुलगा त्याकडे बघत नसेल, तर त्याचं काही चुकत नाही. त्याला कळलेलं असतं की हे आपल्यासाठी नाही.

तेव्हा एजन्सीला तूर्त थांबवा. नाही म्हणू नका, महिनाभर थांबवा. या महिन्यात तुम्ही फक्त कँटीनकडे बघायचं आहे. कारखान्यात आहाराचं खरं शिक्षण रोज कँटीनच्या खिडकीवर चालतं. चारशे माणसं रोज तिथे येतात आणि एका जेवणात काय, किती असतं हे नकळत शिकून जातात. खिडकीवर तर्रीचा कट, पातळ वरण आणि भाताचा डोंगर मिळत असेल आणि भिंतीवर "संतुलित आहार घ्या" असं लिहिलेलं असेल, तर कामगार ताटावर विश्वास ठेवेल, भिंतीवर नाही.

पहिलं काम हिशेबाचं. एचआरला हिशेब नवा नाही. कँटीनच्या कंत्राटदाराकडून गेल्या महिन्यात तेलाचे डबे किती लागले ते मागून घ्या, आणि किती जेवणं गेली ते कूपनवरून काढा. समजा रोज चारशे ताटं आणि 26 दिवस, म्हणजे 10,400 जेवणं. तेलाचे 15 किलोचे 20 डबे लागले असतील, तर 300 किलो. भागाकार करा: एका जेवणाला जवळजवळ 29 ग्रॅम. (डबा किलोचा आहे की लिटरचा ते आधी बघा. 15 लिटरच्या डब्यात तेल साडेतेरा किलोच्या आसपासच असतं.) आता हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे 2024 मध्ये भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात 2000 कॅलरींच्या दिवसभराच्या ताटाला तेल-तूप धरलंय 27 ग्रॅम. प्रेसवर किंवा फर्नेससमोर उभ्या माणसाला एकूण खाणंच जास्त लागतं, त्याला तेल थोडं वर गेलं तरी चालेल. पण तुमचं कँटीन एका वेळच्या जेवणात दिवसभराचं तेल संपवतंय, आणि त्या माणसाचा सकाळचा वडापाव नि रात्रीची भाजी अजून धरलेलीच नाही.

मीठही असंच काढा. दिवसाला 5 ग्रॅम ही शिफारस आहे, म्हणजे एक सपाट छोटा चमचा. महिन्याला 42 किलो मीठ जात असेल तर त्याच 10,400 जेवणांना प्रत्येकी 4 ग्रॅम झालं. लोणचं, पापड, फरसाण वेगळं. बीपीच्या गोळ्या घेणारा तुमचा सीएनसी ऑपरेटर घरी कितीही अळणी जेवला तरी इथे त्याचा कोटा भरतोच.

तिसरा आकडा डाळीचा, आणि तो सहसा उलट्या बाजूचा निघतो. त्याच पोषण संस्थेच्या ताटात दिवसाला 85 ग्रॅम कडधान्य-डाळी आहेत, कच्च्या वजनाने. दुपारच्या जेवणात त्यातला 35 ग्रॅम वाटा यावा असं धरलं तर चारशे ताटांना 14 किलो डाळ किंवा उसळीचं कडधान्य लागेल. कंत्राटदाराला विचारा किती घालतो. सहा किलो म्हणाला, तर माणशी 15 ग्रॅम. ते वरण नाही, पिवळं पाणी आहे. मग माणूस पोट भरायला भात वाढवून घेतो. याच भाताने शुगरवाल्याची शुगर चढते, आणि उभ्याने आठ तास काम करणाऱ्या बारीक मुलाच्या अंगी मात्र काही लागत नाही.

हे तीन आकडे म्हणजे तुमचं पहिलं शैक्षणिक साहित्य. ते आधी कामगारांना दाखवायचे नाहीत, प्लांट हेडना दाखवायचे आहेत. एका कागदावर, पीपीटीशिवाय.

अधिकाराचं विचारलंत. 1948 च्या कारखाने कायद्यात 250 पेक्षा जास्त कामगार असले की कँटीन सक्तीचं होतं, आणि कँटीनच्या व्यवस्थापन समितीत कामगारांना प्रतिनिधित्व द्यायची तरतूदही त्याच कलमात होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, त्यात कँटीनची ही मर्यादा 100 वर आली आहे आणि कंत्राटी कामगारही त्या मोजणीत धरायचे आहेत. तुमच्याकडे अशी समिती कागदावर असेलच. तिची शेवटची बैठक कधी झाली ते बघा. बऱ्याच ठिकाणी ती वर्षातून एकदा सह्या करण्यापुरती जमते आणि विषय एकच असतो, चपातीचा आकार. तिच्यात पॅकिंगमधल्या दोघी, एखादा कंत्राटी मुलगा आणि रात्रपाळीचा एक जण असू द्या. आहारतज्ज्ञ नसलात म्हणून काही अडत नाही. तुम्ही औषध देत नाही, आजाराचा आहार ठरवत नाही. मार्गदर्शक तत्त्वं सरकारी संस्थेची आहेत, तुम्ही ती कँटीनला लावून बघताय. शिवाय एफएसएसएआयचं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं 'ऑरेंज बुक' खास कामाच्या जागेवरच्या सुरक्षित, पोषक अन्नासाठीच केलेलं आहे. स्वयंपाकघराची स्वच्छता, साठवण असल्या गोष्टींसाठी तेच वापरा, नव्याने काही लिहू नका. तळणीचं तेल हा तर सल्ल्याचा विषयच नाही, नियमाचा आहे. तेलातली टोटल पोलर कंपाउंड्स (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने तयार होणारी द्रव्यं) 25 टक्क्यांच्या वर गेली की ते तेल अन्नासाठी वापरता येत नाही. कंत्राटदाराला विचारा, समोशाचं उरलेलं तेल दुसऱ्या दिवशी कुठे जातं. तो थोडा थांबून उत्तर देईल.

आता साहित्याकडे. मी तुमच्या जागी असते तर छपाईवर बजेटचा चौथा हिस्सासुद्धा घातला नसता.

कँटीनचं कप्प्यांचं स्टीलचं ताट तुमच्याकडे असणारच. त्यातला सगळ्यात मोठा कप्पा भाताला, वाटीएवढे कप्पे वरण-भाजीला आणि कोपऱ्यातला चिमुकला कप्पा लोणच्याला. हे ताट बनवणाऱ्यानेच अर्धा आहार ठरवून टाकलाय! पोषण संस्थेचं वर्तुळाकार ताटाचं चित्र भिंतीवर लावण्यापेक्षा तुमच्याच ताटाचा खऱ्या आकाराचा फोटो घ्या. मोठ्या कप्प्यात उसळ आणि पालेभाजी, भात एका मधल्या कप्प्यात, चपात्या किंवा भाकरी वर, कोपऱ्यात लोणच्याऐवजी लिंबाची फोड. हा फोटो वाढायच्या खिडकीला, डोळ्यांच्या उंचीवर. कँटीनच्या मागच्या भिंतीवर नको. तिथे माणूस जेवून झाल्यावर हात पुसत बघतो. आणि फोटोतलं ताट त्या दिवशी खिडकीवर खरोखर मिळालं पाहिजे. मिळणार नसेल तर फोटो लावू नका.

फोटोखाली मजकूर हवाच असेल तर मराठी आणि हिंदी, चार-पाच शब्द. छापण्याआधी मजकूर झाकून पाचसहा जणांना नुसतं चित्र दाखवा आणि "यात काय दिसतंय?" एवढंच विचारा. समजावून सांगू नका. त्यांनी भलतंच काही सांगितलं तर चित्र बदला. तपासणी इतकी सोपी आहे, पण एजन्सी ती कधी करत नाही, कारण तिचं चित्र साहेबांना आवडलं की बिल निघतं.

दुसरी गोष्ट चमचे. चहाच्या टेबलावर एका काचेच्या बरणीत साखर भरून ठेवा, आठवडाभर. दिवसाला चार कप, कपाला दोन चमचे, म्हणजे साधारण 40 ग्रॅम, आणि कामाच्या सहा दिवसांची 240 ग्रॅम. बरणीवर एवढंच लिहा: "चार कप चहा, सहा दिवस." माणसं स्वतःच बोलायला लागतात. 2025 च्या जुलैत समोसा-जिलेबीवर सिगारेटसारखे इशारे येणार म्हणून केवढा गदारोळ झाला होता. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला नंतर खुलासा करावा लागला, की विक्रेत्यांच्या पदार्थांवर इशारे लावण्याचा विषयच नाही; कार्यालयांच्या लॉबीत, कँटीनमध्ये, मीटिंग रूममध्ये तेल-साखरेचे फलक लावा, एवढीच सूचना आहे. ती सूचना चांगलीच होती. पण फलकाबरोबर पर्याय लागतो. तुमच्याकडे मशीनचा प्रीमिक्स चहा असेल तर साखर त्यातच मिसळलेली असते, कमी करणार कुठून? बिनसाखरेचा प्रीमिक्स मागवा किंवा उकळलेला चहा आणि साखर वेगळी. हे केल्याशिवाय बरणी ठेवली तर ती नुसती टोचणी होते.

बायकांच्या हिमोग्लोबिनचं मात्र सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त चुकीचं साहित्य याच विषयावर निघतं. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. म्हणजे तुमच्या पॅकिंगमध्ये काही आक्रीत घडलेलं नाही. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर तो रक्तक्षय, आणि तो खूप खाली असेल तर कुठलंही पोस्टर कामाचं नाही, डॉक्टर आणि लोहाच्या गोळ्याच लागतात. पाळीत जास्त जातंय का, जंत आहेत का, हे डॉक्टरच बघतील. गोळ्यांनी पोट बिघडलं, शौचाला काळं झालं, म्हणून बऱ्याच जणी मध्येच सोडतात. "काळं होणं नेहमीचं आहे, गोळी बंद करू नका, त्रास झाला तर येऊन सांगा" हे एक वाक्य रिपोर्टबरोबरच्या चिठ्ठीवर असलं तर पुस्तिकेतल्या चार पानांपेक्षा जास्त उपयोगी.

आहारात सांगायचं तर बीट पोस्टरवरून काढून टाका. त्याचा रंग लाल आहे एवढंच, लोह त्यात फार नाही. मटकी, हुलगे, बाजरी, अळीव, हिरव्या पालेभाज्या, आणि खाणाऱ्यांना अंडी-मटण, हे ठेवा. भाज्या लोखंडी कढईत करायला सांगा. जेवताना लिंबू पिळायचं, कारण त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे डाळी-भाज्यांतलं लोह अंगी लागतं. आणि चहा जेवणाला लागून नको, कारण तो तेच लोह अडवतो. आता तुमच्या शिफ्टच्या वेळा बघा. जेवण झालं की लगेच चहाची गाडी फिरत असेल तर बायकांना उपदेश करून काय होणार? गाडी तासाभराने पुढे ढकलणं तुमच्या हातात आहे. चारशे ताटांना लिंबाच्या फोडी हा खर्चही दीड लाखात कितीतरी दिवस बसतो.

आणि पाणी. "दिवसाला आठ ग्लास पाणी प्या" हे पोस्टर तुमच्याकडे गेल्या वर्षीचं आहे असं दिसतंय. असेंब्ली लाइनवरची बाई पाणी का पीत नाही ते तिला विचारा. टॉयलेट दुसऱ्या टोकाला असतं, जायचं तर रिलीव्हर, म्हणजे तेवढा वेळ तिची जागा सांभाळणारा माणूस लागतो, रिलीव्हर मागितला की सुपरवायझर घड्याळ बघतो. मग ती सकाळपासून दोन घोट पिऊन दिवस काढते, आणि लघवीच्या जळजळीला "उष्णता" म्हणून सोडून देते. तिला माहिती कमी पडत नाहीये, रिलीव्हर कमी पडतोय. या एका बाबतीत शिक्षणाचं साहित्य सुपरवायझरसाठी काढा.

बोलण्यासाठी वेगळं सत्र ठेवू नका, पीपीटी तर नकोच. सुरक्षेचा टूलबॉक्स टॉक तुमच्याकडे शिफ्टच्या सुरुवातीला होतच असेल. त्यातले आठवड्यातून एकदा पाच मिनिटं मागून घ्या. एका वेळी एकच गोष्ट. आज लिंबू, पुढच्या आठवड्यात तंबाखू सोडल्यावर लागणाऱ्या भुकेचं काय करायचं, त्याच्या पुढच्या आठवड्यात रात्रपाळीला जाण्याआधी जेवायचं की आल्यावर. (आधी. आणि रात्री दोनला फक्त हलकं काहीतरी. तुमचं कँटीन तिसऱ्या पाळीला दुपारची उरलेली भाजी देतं का, तेवढं बघून घ्या.) बोलणारे तुम्ही नसलात तरी चालेल, लाइनवरचंच कुणी बोलू दे. एखादा महिना डब्यांचा ठेवा. बायका घरून काय काय आणतात ते टेबलावर मांडलं की शेपूची भाजी, कारळ्याची चटणी, ज्वारीची भाकरी, उकडलेले चणे सगळं बाहेर येतं आणि पाककृती आपोआप फिरतात. तुमच्या बिहारी मुलांना सत्तू विचारा. भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ, पाणी, लिंबू, कांदा, मीठ. एजन्सीच्या ओट्सपेक्षा ते स्वस्त, आणि प्रथिनांत मुळीच कमी नाही. मला तर वाटतं उन्हाळ्यात कँटीनने कोल्ड्रिंकच्या फ्रिजऐवजी ताक आणि सत्तू ठेवावं. पण फ्रिज कंपनी फुकट देते, त्यामुळे तो हलवायला तुम्हाला जरा झगडावं लागेल.

फुकटवरून आठवलं. पोषण सप्ताहाच्या तोंडावर प्रोटीन पावडर आणि हेल्थ ड्रिंकवाल्यांचे फोन येतील, "मॅडम, सेशन आणि पोस्टर दोन्ही विनामूल्य". त्यांचं साहित्य सुबक असतं आणि शेवटच्या पानावर डबा असतो. नम्रपणे नाही म्हणा. वजन कमी करण्याची स्पर्धाही नको. ऑफिसमधल्या चार जणांना गंमत वाटेल, शॉपफ्लोअरवरच्या निम्म्या मुलांचं वजन मुळात वाढायला हवं आहे.

आता प्लांट हेडच्या बोर्डाबद्दल. डिपार्टमेंटप्रमाणे आकडे लावू नका, अजिबात. तुमच्या पॅकिंगमध्ये समजा दहाबारा बायका आहेत. "पॅकिंग: 8 जणींना रक्तक्षय" असं लिहिलं की दुपारपर्यंत कोण कोण ते सगळ्यांना ठाऊक. शुगरचं तर आणखी वाईट, कंत्राटी माणसाला लगेच वाटतं की पुढच्या महिन्यात आपलं नाव कापतील. आणि तसं वाटणं वेडेपणाचं नाही. मग पुढच्या चेकअपला तो रजा टाकतो. रिपोर्ट बंद पाकिटात ज्याचा त्याला द्या, सोबत ती चिठ्ठी आणि डॉक्टर कधी भेटतील त्याची वेळ, कामाच्या तासांत. सरांना आकडे हवेच असतील तर अख्ख्या प्लांटचे द्या, आणि शेजारी कँटीनचे तीन आकडे ठेवा: तेल, मीठ, डाळ. बोर्डावर लावायचेच असतील तर तेच लावा. दर महिन्याला, खडूने, कंत्राटदाराच्या सहीसकट. "या महिन्यात जेवणामागे तेल 29 ग्रॅम. मागच्या महिन्यात..." मग कुणीतरी विचारेलच की कमी कधी होणार.

वर्षअखेरीला उपयोग झाला का हे बघायला प्रश्नमंजूषा घेऊ नका, "संतुलित आहार म्हणजे काय" याचं उत्तर सगळे बरोबर देतात. डबे मोजा, लिंबं मोजा, उष्टं किती जातंय बघा, आणि कमी हिमोग्लोबिनवाल्या किती जणी डॉक्टरकडे दुसऱ्यांदा गेल्या ते डॉक्टरांकडून नुसत्या संख्येत विचारा.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. कँटीनचं कंत्राट कधी संपतंय? बदल नव्या करारात लिहून घेतले तरच टिकतील: जेवणामागे डाळ किमान 35 ग्रॅम, तेलाची वरची मर्यादा, आठवड्यातून दोनदा भाकरी, अंडी किंवा त्याऐवजी जास्तीची उसळ, लिंबू रोज. डाळ वाढली की ताटाचा दर दोन-चार रुपये चढेल. तो कंपनीने सोसायचा की कूपनवर टाकायचा, हे प्लांट हेडना तोच एक कागद दाखवताना विचारून टाका. एजन्सीचं बिल वाचलेलं असताना विचारलंत तर उत्तर सोपं जाईल.

पोस्टरच लागत असतील तर एजन्सीला तुमच्या ताटाचा फोटो पाठवा आणि तेवढंच छापून मागा.